दोरीचं दुसरं टोक

१

पाटी रंगवायची म्हणजे आधी दोरी मारायची, आणि दोरी मारायला दोन माणसं लागतात. निळीत घोळवलेल्या दोरीचं एक टोक एकानं पाटीच्या या कडेला धरायचं, दुसरं दुसऱ्यानं त्या कडेला. दोरी ताणायची, मोकळ्या हातानं चिमटीत उचलायची आणि सोडून द्यायची. फट् असा आवाज होतो आणि पाटीवर केसासारखी सरळ निळी रेघ उमटते. अशी एक वर, एक खाली. अक्षरं त्या दोन रेघांच्या मधे उभी करायची. रंग वाळला की निळीच्या रेघा फडक्यानं पुसून टाकायच्या. पाटी वाचणाऱ्याला त्या कधी होत्या हेही कळत नाही.

गल्लीत ज्यांना सगळे थोरले पेंटर म्हणत, त्यांच्या दुकानात हे काम तीस वर्षं असंच चाललं होतं. दुकान पुढे आणि घर मागे. दुसरं टोक धरायला आधी त्यांचा भाऊ असे, तो परगावी गेल्यावर मुलगा आला. मुलानं आठवीत शाळा सोडली होती. वहीतली अक्षरं त्याच्या डोळ्यांपुढे मुंग्यांसारखी पळायची, पाटीवरची हातभर अक्षरं मात्र शहाण्यासारखी जागच्या जागी उभी राहायची. आता तो चोविशीत होता. गल्ली त्याला धाकटे पेंटर म्हणे. समोरचा चहावाला मुकेराव म्हणे, कारण चहा हवा की नको हेसुद्धा तो मानेनंच सांगे.

बापलेकांचं कामातलं बोलणं दोन शब्दांत उरकायचं.

"धर," बाबा म्हणत.

"धरलं," धाकटा म्हणे. मग फट्.

तिसरं एक बोलणं होतं, ते जुनं. अगदी पहिल्या वर्षी धाकट्याचा ब्रश थरथरायचा, तेव्हा बाबा त्याच्या मागे येऊन उभे राहत, उजव्या खांद्यावरून वाकत आणि त्याच्या हातावर आपला हात ठेवत. मग दोघांच्या हातानं एकच ओढ वरून खाली येई. "हळू ने," ते कानाशी म्हणत. "घाई नाही. हळू ने." पाठीला त्यांच्या सदऱ्याची ऊब लागे आणि टर्पेंटाइनचा वास येई. धाकट्याला आयुष्यात एवढं एकच काम नीट येत होतं, आणि ते त्या हाताखालून आलं होतं.

२

पहिल्यांदा चुकलं ते एका गोदामाच्या भिंतीवर. खालची रेघ नीट उठली होती. भिंत खडबडीत असल्यानं वरची उठली नव्हती. "राहू दे," बाबा म्हणाले, "एवढं काय? नजर आहे ना." धाकटा दुसऱ्या बाजूला कडेची पट्टी भरत बसला.

तासाभरानं तो मागे सरकून भिंतीकडे बघायला लागला. पहिलं अक्षर हातभर उंच होतं. पुढचं त्याहून बोटभर कमी, त्यापुढचं आणखी. शेवटचं अक्षर वितीएवढंच होतं. सगळं नाव उतारावरून घसरत गेल्यासारखं बारीक होत गेलं होतं, जणू पलीकडून कुणी ते ओढून घेत होतं.

"बाबा, लहान झालीत."

बाबा मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ बघितलं. "कुठे?" ते म्हणाले. "एका मापाची आहेत की."

ते चेष्टा करत नव्हते. धाकट्यानं त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

त्या दिवशी घरी परतताना ऊन पाठीमागून होतं, दोघांच्या सावल्या पुढे चालत होत्या. धाकट्याचे दोन्ही हात हलत होते. बाबांचा डावा हात हलत होता, उजवा हलत नव्हता. तो कोपरात जरासा वाकून अंगालगत राहिला होता, बोटं अर्धवट मिटलेली. बाजारात मुलाचा हात धरून चालतात तसा. पण धरायला तिथे कुणी नव्हतं.

थकले असतील, धाकट्यानं मनाशी म्हटलं. दिवसभर शिडीवर होते.

घरी आल्यावर त्यानं मापांची वही काढली. मागच्या वर्षीची पानं ठळक, मोकळी. यंदाची बारीक. कालच्या पानावर पहिला शब्द वाचता आला, पुढे ओळ आकसत आकसत नुसती दोऱ्यासारखी झाली होती. ती कुठे संपली हे डोळ्यांना दिसत नव्हतं.

चहावाल्यानंही ते पान बघितलं. "पेंटर," तो ओरडला, "मुंग्यांच्या दुकानाची ऑर्डर आलीय का?" सगळे हसले. बाबाही हसले असावेत. त्यांच्या तोंडावर मात्र काही हललं नाही.

३

डॉक्टरीणबाई म्हाताऱ्या होत्या आणि त्यांना घाई नव्हती. त्यांनी बाबांना चालायला लावलं, अंगठ्यावर तर्जनी भराभर आपटायला लावली, कागदावर एक ओळ लिहायला लावली. मग त्यांचा हात मांडीवर मोकळा ठेवायला सांगितला. थोड्या वेळानं अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरू लागली. चिमटीत कसलीशी बारीक गोळी वळत असल्यासारखी.

"हा पेला उचला." बाबांनी पेला उचलला. हात स्थिर.

"हेच," बाई म्हणाल्या. "रिकामा असला की थरथरतो, कामाला लावला की थांबतो. कंपवात आहे. पार्किन्सन म्हणतात त्याला. काका, वास येतो का तुम्हाला?"

"कसला?"

"कसलाही."

सोबत आलेली आईच बोलली. "सात-आठ वर्षं झाली, ह्यांना काही वास येत नाही. आम्ही म्हणायचो, टर्पेंटाइननं नाक मेलं. अहो, एकदा कांदा जळून कोळसा झाला आणि हे शेजारी बसून पेपर वाचत होते!"

"वास बरेचदा सगळ्यात आधी जातो," बाई म्हणाल्या. "बाकीचं सुरू व्हायच्या कितीतरी वर्षं आधी. कुणाच्या लक्षात येत नाही. मग एका बाजूचा हात. अक्षर बारीक होतं, आवाज बसतो, चेहरा हलेनासा होतो. पुढे चाल बिघडते. सावकाश जातो हा आजार. औषधानं बराच काळ बरं चालेल." मग त्या धाकट्याकडे वळल्या, घरात ऐकणारा हाच आहे असं समजून. "कधी कधी पुढे असंही होतं की मागे कुणीतरी उभं आहे असं वाटतं. कडेला कुणी गेल्यासारखं दिसतं. आजाराचाच भाग असतो किंवा औषधाचा. घाबरायचं नाही, मला येऊन सांगायचं."

धाकट्याला एक विचारायचं होतं. बापाला झाला तर मुलाला होतो का? चोविशीतल्या माणसाला होतो का? प्रश्न ओठांपर्यंत आला. त्यानं पायांतल्या चपलांकडे बघितलं. तेवढ्यात बाईंनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

४

पहिलं वर्ष बरं गेलं. घरात नवे शब्द आले. गोळी चढली, गोळी उतरली. गोळी चढली की बाबा दुकानात येत, हातात ब्रश दिला की थरथर गप्प होई आणि निळीच्या दोन रेघांत अक्षर पूर्वीसारखं ताठ उभं राही. गोळी उतरली की ते खुर्चीत बसत आणि चिमटी फिरत राही.

दुसऱ्या वर्षी दारं सुरू झाली.

मधल्या खोलीतून स्वयंपाकघरात जाताना ते उंबऱ्यापाशी थांबायचे. पाय फरशीला खिळून जायचे. वरचं अंग पुढे झुकायचं, टाचा थरथरायच्या, पण पाऊल काही उचलायचं नाही.

"अहो, या ना. चहा निवतोय," आई म्हणायची. "रागावलात का माझ्यावर?" हे ती दिवसातून दहादा विचारायची, कारण तोंडाकडे बघून काही कळायची सोय उरली नव्हती. डोळेसुद्धा क्वचितच मिटत.

आणि तेच बाबा दुकानात शिडीवर सरसर चढायचे. पायरीमागून पायरी, न अडखळता. आईनं डोक्याला हात लावला. चहावाला म्हणाला, "पेंटर, घरात पाय उचलत नाहीत आणि शिडीवर माकड होता. वहिनींनी भांडी घासायला लावलीत की काय?"

एकदा धाकट्याचाही तोल गेला. बाबा उंबऱ्यात अर्धा तास उभे होते, त्यांच्यामागे त्याची वाट अडली होती, हातात रंगाचा डबा होता. "नाटक करता का?" तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो त्यांच्याशी असं बोलला.

बाबांनी मान वळवली नाही. त्यांचा आवाज आता एवढा बसला होता की कान तोंडाशी न्यावा लागे. धाकट्यानं नेला.

"थांब," ते म्हणाले. "दारात आहे तो. त्याला जाऊ दे आधी."

"कोण?"

थोड्या वेळानं, कुणासाठी अंग चोरावं तसे बाबा एका बाजूला झुकले आणि मग पाऊल टाकून आत गेले.

आजाराचाच भाग. धाकट्यानं ते शब्द मनात दोनदा म्हटले. स्वयंपाकघरात आईशिवाय कुणी नव्हतं. तरी आपणही दारातून जाताना अंग चोरलं, हे त्याच्या नंतर लक्षात आलं.

५

शिडीचं कोडं त्यानं आपलं आपणच सोडवलं. चार दिवस तो शिडीकडे बघत होता. पायरी म्हणजे काय? आडवी रेघ. रेघ दिसली की बाबांचं अक्षर मोठं येतं आणि रेघ दिसली की त्यांचं पाऊल उचलतं. सपाट जमिनीवर त्यांना काही धरायला मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं बाबांना खुर्चीत बसवलं, दोरीचं एक टोक त्यांच्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन भिंतीशी गेला. बाबांचे ओठ हलले. ऐकू आलं नाही, पण "धर" म्हणाले असणार.

"धरलं," तो म्हणाला. फट्.

दोन दिवसांत सगळ्या घरात आडव्या काळ्या पट्ट्या झाल्या. पलंगापासून मोरीपर्यंत, मोरीपासून स्वयंपाकघरापर्यंत, तिथून दुकानापर्यंत, प्रत्येक पट्टी हाताच्या अंतरावर. स्वतःच्या लहान खोलीकडे त्यानं पट्ट्या नेल्या नाहीत. तिथे बाबांचं काही काम नव्हतं.

"रस्ता ओलांडायचाय की काय घरात?" आई म्हणाली. पण बाबा उठले, पहिल्या पट्टीवर पाऊल टाकलं, मग दुसऱ्या, आणि उंबऱ्यावरच्या पट्टीवरून सरळ स्वयंपाकघरात गेले. आईनं पदर तोंडाला लावला. धाकट्याला हसावं की रडावं कळेना, म्हणून तो ब्रश धुवायला गेला.

त्या आठवड्यात त्याला आतून पावलं ऐकायला आवडे. दुकानात काम करता करता तो मोजायचा. टप्, टप्, टप्, बाबा स्वयंपाकघराकडे निघाले. सातवी पट्टी, आठवी, उंबरा. पाटी रंगवताना त्याचा हात त्या तालावर चाले.

शनिवारी दुपारी त्याला ताल चुकल्यासारखा वाटला. त्यानं ब्रश थांबवला. टप्. आणि मागून, अर्ध्या श्वासाच्या अंतरानं, आणखी एक. टप्. पुन्हा टप्, पुन्हा टप्. बाबा उंबऱ्याशी पोहोचून थांबले. मागचा आवाज आणखी एक पट्टी चालला आणि मग थांबला.

चप्पल सैल असेल. टाच आपटत असेल. तो आत गेला. बाबा अनवाणी होते.

"वाकड्या तोंडाच्या!" आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, ती त्याच्याच अंगावर. "दुधाकडे बघ म्हणून सांगून मी धुणं घालायला गेले ना? पातेलं जळून काळं झालं. सगळ्या घरात जळका वास कोंडलाय आणि तू पलीकडे दुकानात! नाक आहे का ठिकाणावर?"

"लक्ष नव्हतं," धाकटा म्हणाला. खरंच नव्हतं. तो पावलं मोजत होता.

६

पावसाळी हवेचा एक दिवस होता, चार वाजता दिवे लावावे लागले होते. धाकटा बाबांची गोळी घेऊन आत गेला.

बाबा पलंगाच्या कडेवर बसले होते, पाठमोरे. त्यांच्या हातात दोरी होती. हात थरथरत नव्हता. दोरी त्यांच्या चिमटीतून निघून कपाटाच्या पलीकडे, मागच्या दाराकडे गेली होती. मधे कुठेही लोंबत नव्हती. ती ताणलेली होती.

कपाटाआड काय आहे ते त्याला दिसत नव्हतं. दिसायला तीन पावलं पुढे जायला हवं होतं.

खिळ्याला बांधली असेल, त्यानं म्हटलं. नाहीतर कडीला. त्यांना सवय आहे, हात काम मागतो.

"धर," बाबा म्हणाले. एवढ्या हळू की शब्दापेक्षा श्वासच जास्त होता. धाकट्याच्या तोंडातून सवयीनं "धरलं" निघालं असतं, पण त्याआधी दोरी आणखी ताणली गेली. बाबांच्या बाजूनं नाही. त्यांचा हात जागचा हलला नव्हता.

फट्.

तो तीन पावलं पुढे गेला की दोनच, हे त्याला नंतर आठवेना. दोरी जमिनीवर सैल पडली होती. कपाटाआड बंद दार होतं, लाकडाचं, गुळगुळीत. खिळा नव्हता. कडी बाहेरच्या अंगाला होती. दाराच्या चौकटीवर, माणूस जिथे हात टेकेल तेवढ्या उंचीवर, निळीचा एक ठिपका होता. तो जुनाही असू शकत होता. या घरात कुठे नीळ नव्हती?

त्यानं बाबांना गोळी दिली. पाणी पाजलं. मग पलंगाशी बसून विचारलं, "बाबा, कोण आहे तो?"

बाबांनी खूप वेळ शब्द जुळवले. "कामाचा माणूस आहे," ते म्हणाले. "वाईट नाही. फक्त थांबत नाही."

उद्या डॉक्टरीणबाईंकडे जायचं, धाकट्यानं ठरवलं. या खेपेला सगळं विचारायचं, आपलंसुद्धा. तोंडातून निघणार नाही म्हणून त्यानं कागदावर तीन प्रश्न लिहून काढले. लिहून झाल्यावर कागद दिव्याखाली धरून बघितला. अक्षरं एका मापाची होती. त्याला तरी एका मापाची दिसली.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी आई गोळ्या आणायला बाहेर गेली. डॉक्टरीणबाई पाचला भेटणार होत्या. धाकटा दुकानात बसून एका दवाखान्याची पाटी करत होता. मागच्या दाराला बाहेरून कुलूप होतं आणि घरात यायची दुसरी वाट दुकानातूनच, त्यामुळे त्याच्या नजरेआडून कुणी आत जाणं शक्य नव्हतं. आत बाबा खुर्चीत होते. पावलांचा आवाज झाला नाही. एकदा फट् असं काहीतरी वाजलं. चहावाल्यानं फडकं झटकलं असेल असं त्याला वाटलं. मग पुन्हा वाजलं. मग पुष्कळदा, लवकर लवकर, आणि दर वेळी जरा बारीक.

आई आली, पिशवी घेऊन स्वयंपाकघरात गेली. धाकट्यानं हात पुसले आणि प्रश्नांचा कागद खिशात घालायला तो स्वतःच्या खोलीकडे वळला.

मधल्या खोलीत पट्ट्यांना फाटा फुटला होता.

मोरीकडे जाणाऱ्या त्याच्या पट्ट्या जिथल्या तिथे होत्या. पण तिसऱ्या पट्टीपासून एक नवी रांग डावीकडे निघाली होती, त्याच्या खोलीकडे. पहिली नवी पट्टी हाताच्या अंतरावर, त्याच्यासारखीच. पुढची थोडी जवळ आणि थोडी बारीक. त्यापुढची वितीवर. तो त्यांच्या कडेनं चालत गेला. खोलीच्या उंबऱ्यापाशी पट्ट्या चार बोटांवर आल्या होत्या. आत गेल्यावर बोटावर. खाटेजवळ त्या दोऱ्यासारख्या झाल्या होत्या आणि खाटेखाली, त्याच्या उशीच्या बाजूला, एवढ्या आकसल्या होत्या की कुठे संपल्या हे दिसत नव्हतं.

तो गुडघ्यांवर बसला. रंगाच्या कडेनं निळीची रेघ डोकावत होती, प्रत्येक पट्टीखाली एक, भिंतीपासून भिंतीपर्यंत, केसासारखी सरळ. एका माणसाला अशी मारता येत नाही. त्यानं दोन्ही भिंतींवरून बोट फिरवलं. खिळ्याचं भोक नव्हतं.

पट्टीवर बोट टेकवलं. ओलं होतं. बोट काळं झालं.

बाबांनी रंग कुठून आणला? काळा डबा दुकानात, त्याच्या पाठीमागच्या कपाटात होता. तो उठला, दुकानात गेला, कपाट उघडलं. डब्याचं झाकण पक्कं बसलेलं होतं. स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटून बघितलं. रंगावर साय धरली होती, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अखंड.

मग हा रंग नाही, त्याला वाटलं, आणि जरा सुटल्यासारखं झालं. काजळी असेल, तेल असेल, दुसरं काही असेल. रंग असता तर वास आला असता. त्यानं काळं बोट नाकाशी नेलं. काहीच वास आला नाही.

बरोबर. रंग नाहीच.

मग त्यानं टेबलाशी बसून डब्यावर वाकून श्वास घेतला. काहीच नाही.

टर्पेंटाइनचा मोठा कॅन शेजारीच होता. त्याचं झाकण काढताना त्याचा हात चुकला आणि कॅन कलंडला. पाण्यासारखं पातळ टर्पेंटाइन टेबलावरून, त्याच्या मांडीवरून खाली वाहत गेलं. त्यानं भिजलेला तळहात तोंडाशी धरला, डोळे मिटले आणि छाती भरून श्वास ओढला. डोळ्यांतून पाणी आलं. नाकात नुसता गारवा गेला, पावसानंतरच्या रिकाम्या खोलीसारखा. बारा वर्षं तो ज्या वासात उठला-बसला, जो त्या सदऱ्याला येत असे, तो तिथे नव्हता.

"अरे काय सांडलंस!" आई स्वयंपाकघरातून ओरडली. मधे दोन भिंती होत्या. "वासानं डोकं उठलं माझं! दार उघड आधी!"

तो दार उघडायला उठला नाही. दूध जळलं तो शनिवार त्याला आठवला. त्याआधीचंही काही आठवायला लागलं आणि त्यानं ते थांबवलं.

आतल्या दारात बाबा येऊन उभे होते. उंबऱ्यापाशी थांबले नव्हते, आज दार मोकळं होतं. त्यांचे दोन्ही हात अंगालगत सरळ लोंबत होते आणि त्यांतला एकही थरथरत नव्हता. चेहरा तसाच, पाटीसारखा. फक्त डोळे हलले. ते धाकट्यावर आले आणि त्याच्यावर थांबले नाहीत. त्याच्या उजव्या खांद्याच्या जरा वर, जरा मागे गेले. जिथे एके काळी ते स्वतः उभे राहत.

धाकट्यानं मान वळवली नाही. त्याच्या पाठीला कसलीशी ऊब लागत होती. ऊन असेल, तो मनाशी म्हणाला. मागे भिंत होती.

बाबांचे ओठ उघडले. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांचा आवाज सगळ्या दुकानात स्वच्छ ऐकू आला, जुना, कामाच्या वेळचा. पण ते धाकट्याशी बोलत नव्हते.

"पोराला हळू ने," बाबा म्हणाले. "घाई नाही. हळू ने."